पाच डॉलर

मंगळवारी पुन्हा फोन आला.
आवाज कोवळा, घशात सर्दी.
मिसेस ग्राबोव्स्की, म्हणाला,
आणि खड्ड्यातून गाडी काढावी
तसं माझं आडनाव पार केलं.

चारशे बारा डॉलर. वर व्याज.
वॉशिंग मशीन, साल अठ्ठ्याण्णव.

आठवतं ना मला ते मशीन.
कॅझने पाठीला दोरी बांधून तळघरात उतरवलं,
तिसऱ्या पायरीवर पोलिशमध्ये एक शिवी हासडली
जी त्याने पाद्रीबाबांनाही कधी सांगितली नसणार.
कपडे पिळताना ते थरथरत
चालत जायचं थेट भिंतीपर्यंत,
आणि रात्रपाळीहून आला की हा
बूटही न काढता
आधी त्याला ओढून जागेवर आणायचा.

दुकान गेलं. तिथे आता नखं रंगवून मिळतात.
इंजिनाचा कारखाना आहे म्हणायचा, एवढाच.
मशीन भंगारात, कॅझ टेकडीवर, ट्रिनिटीच्या मागे.
देणं तेवढं टिकलं.
असला टिकाऊ माल त्या दुकानात होता
हे तेव्हा कुणी बोललं नाही.

विकलं म्हणे ते. मग ज्याने घेतलं त्याने विकलं,
मग आणखी कुणी,
हजार नावांच्या यादीत, डॉलरमागे सेंटभर भावाने.
म्हणजे माझा माणूस कुठेतरी चार डॉलरला गेला.
त्याच्या टोपीचे जास्त आले असते.

नुसते पाच द्या, मुलगा म्हणाला. आजच्या आज.
तुमची नियत दिसेल.

आणि खरं सांगते, हात पर्सकडे गेला.
आई म्हणायची, उशाशी उधारी घेऊन झोपू नये.
पण आमच्या शेजारची ओटिलिया
चाळीस वर्षं वकिलाकडे टायपिंग करत होती,
तिने बजावलं होतं:
मुदत टळलेलं देणं म्हणजे मढं, ल्युसिल.
पाच डॉलर म्हणजे त्याच्या तोंडात पाणी.
उठून बसेल.

लेखी पाठव, मी म्हणाले.
तो गप्प.
त्याच्या बाजूने खरवडल्याचा आवाज आला,
रस्त्यावरून लोखंड ओढत नेल्यासारखा.
बर्फ काढतायत का रे तिकडे?
हो मॅडम. बफेलोत. पहाटेपासून.
आमच्याकडेही. तळ्यावरून येतंय सगळं.
मग खोकला. बराच वेळ.
कांदा चिरून मधात ठेव रात्रभर, मी म्हणाले,
आणि त्याने लिहून घेतलं असावं,
कारण विचारलं, किती कांदे.

कागद काही आला नाही.

पुढच्या मंगळवारी दुसराच कुणी.
जाड आवाज, धमकी आधीच तापवून ठेवलेली.
कॅसिमिर ग्राबोव्स्की घरी आहेत?

तळघरात आहेत, मी म्हणाले.
मशीन ओढतायत. थांबा, बोलावते.

रिसीव्हर टेबलावर ठेवला
आणि बटाटे सोलायला घेतले.
अकरा मिनिटं थांबला, बिचारा.
मीही थोडी थांबले.