जेवणाच्या सुट्टीत

मी पियानोंचे सूर लावतो.
स्वॉन्झीच्या आसपासची चर्चं, पब, वृद्धाश्रम
आणि शाळा.
शाळांचे पियानो मला आतून माहीत.
पोटात पेन्सिली सापडतात, च्युइंगम,
एकदा कुणीतरी दडवलेलं प्रगतिपुस्तक सापडलं.
मी ते परत तिथंच ठेवलं.

म्हणून नेरिस म्हणाली,
तुला सगळ्या शाळा ठाऊक, ईवानचं तूच ठरव.

ठाऊक म्हणजे एवढंच:
टेकडीवरच्या शाळेचा पियानो काळा, लांबलचक, कुलूपबंद.
वर्षातून दोनदा वाजतो. दोन्हीदा मी आधी जातो,
न बिघडलेला सूर पुन्हा लावायला.
नदीकाठच्या शाळेचा जिन्याखाली, भिंतीला टेकलेला,
मधल्या दोन पट्ट्या कधीच्याच गेलेल्या.
येताजाता पोरं त्यावर मुठी मारतात.
मारतात तरी.
तिसरी शाळा वेल्श माध्यमाची. आजोबांची भाषा,
माझ्यापर्यंत येता येता तिच्यात
'शुभ रात्री' आणि दोन शिव्या उरल्या.

ईवान अकरा वर्षांचा. बोलतो ते मोजून.
त्याला वर्गात कुणी चिडवत नाही,
विसरतात फक्त.
सहलीची बस एकदा त्याच्याशिवाय निघाली होती,
आणि घरी येऊन त्याने सांगितलं ते
बस किती मिनिटं उशिरा सुटली, तेवढंच.

शाळा बघायच्या संध्याकाळी सुरू झाल्या
तसा तो फ्रिजसमोर उभा राहून एकच प्रश्न घोकायला लागला:
जेवणाच्या सुट्टीत ग्रंथालय उघडं असतं का?

टेकडीवर पडदा होता, पडद्यावर टक्केवारी.
मुख्याध्यापक म्हणाले, आमचं तर चोवीस तास उघडं, ऑनलाइन!
सगळे हसले. ईवान बुटांकडे बघत राहिला.

वेल्श शाळेतल्या बाई त्याच्या उंचीएवढ्या वाकल्या,
आधी वेल्शमध्ये, मग घाईने इंग्रजीत:
मंगळवार, गुरुवार. बाकी दिवस सगळे मैदानावर, हं!
गोड बाई. त्याने दोन वार लिहून घेतले
आणि उरलेले तीन मनात.

नदीकाठी शोनेड नावाची पोर आम्हाला फिरवत होती,
टाय सैल, बोटांना शाई.
पुढे चालणारे सर म्हणाले, अर्थातच, रोज!
सर वळणाआड जाईपर्यंत ती थांबली.
असतं उघडं. पण तिथं बसणाऱ्यांना सरडे म्हणतात,
हीटरला चिकटून बसतो ना, म्हणून.
मीपण सरडा.
ईवानने दुसरा प्रश्न विचारला. न घोकलेला.
हीटर कुठल्या खिडकीखाली आहे?

रात्री नेरिस ड्यूटीवर निघाली होती,
अंगात कोट, हातात तिन्ही शाळांचे निकाल.
टेकडीवरचे बघ जरा. आणि नदीकाठी चिडवतात,
तीच पोरगी म्हणाली ना?
म्हणाली.
मी सांगायला लागलो की पियानोत एकही सूर
पुरता खरा ठेवता येत नाही, प्रत्येकाला केसभर
खोटं पाडावं लागतं, तेव्हा कुठे सगळे एकमेकांशी...
पियानोचं नको सांगूस, ती म्हणाली,
आणि दार ओढून गेली.
तिचं चुकलं असं नाही.
फॉर्मवर तीन रिकाम्या ओळी. शुक्रवार शेवटचा दिवस.

बुधवारी नदीकाठच्या पियानोचं काम निघालं.
निघालं म्हणजे, मीच काढलं.
सुट्टीची घंटा झाली. हत्यारं तशीच टाकून
जिना चढलो, ग्रंथालयाचं दार ढकलून पाहिलं.
उघडं होतं.
हीटरपाशी सहा-सात जण, डबे मांडीवर,
एक मुलगा दुसऱ्याला पुस्तकातलं काहीतरी दाखवत होता,
दुसरा ऐकत नव्हता, पण सरकला नव्हता.
कुणीही मान वर केली नाही.

खाली येऊन त्या दोन पट्ट्या बसवल्या.
बिलात धरल्या नाहीत.