शेवटची होडी

मी आझेनोर. रोस्कोफच्या प्रयोगशाळेत
एकवीस वर्षं काचा धुते, अंडी मोजते.
शोध-बिध मी लावत नाही.
समुद्री साळिंदराची अंडी, मोहरीहूनही बारीक,
दर दहा मिनिटांनी चिमूटभर उचलायची,
बर्फात ठेवायची, वहीत वेळ लिहायची.

सायक्लिन म्हणून एक प्रथिन असतं.
एकटं असेतो कुणाच्या अध्यात ना मध्यात.
साठत जातं, साठत जातं,
आणि एका निजलेल्या कायनेजला जाऊन बिलगतं.
मग तो उठतो,
दिसेल त्याला फॉस्फेट डकवत सुटतो,
आणि सगळी पेशी आवराआवरीला लागते.

जेलवर त्याची पट्टी पाहिली मी:
फिकट. गडद. आणखी गडद.
पुढच्या रकान्यात काहीच नाही.
माझ्याच हातून सांडलं म्हटलं,
वहीत तसं लिहिलंसुद्धा.
पुन्हा केलं. पुन्हा कोरं.

माथुरिन, आमचा नवा पोरगा, हसला.
म्हणाला, ज्यानं इथवर आणलं
त्यालाच इथे मोडावं लागतं,
नाहीतर एकाचे दोन होत नाहीत.
मोडणारी प्रथिनं दारात उभीच असतात,
पण त्यांचे हात दुसऱ्यांनी धरून ठेवलेले.
कधीपर्यंत?
शेवटचं रंगसूत्र धाग्याला अडकेपर्यंत.
एक जरी सुटं राहिलं
तरी तेवढ्या एकासाठी
सगळ्या पेशीचा खोळंबा.

मी काही बोलले नाही. काच पुसत राहिले.

बा बेटावर जाणारी शेवटची होडी संध्याकाळी सुटते.
गेल्या जानेवारीत मोर्लेच्या दवाखान्यातून
मी आईचे कपडे प्लास्टिकच्या पिशवीत घेऊन निघाले.
बस चुकली. पाऊस तिरका.
धक्क्यावर पोचले तेव्हा
पाऊण तास उलटून गेलेला.

होडी तिथेच होती.
गोनेरीच्या मुठीत दोरी,
आत अकरा माणसं, एक कुत्रा,
कोबीची खोकी, कुणाचं तरी तापलेलं पोर.
गोनेरीनं समुद्राला एक शिवी हासडली,
मला हात दिला,
आणि माझा दुसरा पाय फळीवर टेकल्यावर
दोरी सोडली.

कुणी काही विचारलं नाही.
कुत्र्यानं तेवढी पिशवी हुंगली.

आताही पट्टी नाहीशी होते, दर खेपेला, वेळेवर.
त्या रकान्यापुढे मी वेळ लिहिते.
सांडलं असं लिहीत नाही.