मंजूर पीडा

पोळ्याच्या पंधरा दिवस आधी
जागनाथ बुधवारीतल्या शाळेत माझी खिडकी उघडते.
चार नंबर. वर पाटी: पीडा स्वीकृती.
नियम फळ्यावर खडूनं लिहिलेला आहे:
पाचशे सह्या असतील तर पीडा,
नसतील तर तुमचा स्वभाव.

मागच्या साली मंजूर झाल्या त्या:
डास. कांद्याचा भाव.
परक्या वॉर्डातली माणसं. ऊन.
उन्हाला तर सह्याही मागत नाही आम्ही.
बडग्यांच्या गळ्यातल्या पाट्या छापून येतात,
घोषणांचा कागद रेशनच्या पोत्यात निघतो,
आणि खांबांवरचे कान मोजतात
कुठल्या गल्लीचा आवाज किती.
कमी पडला तर त्या गल्लीचं पाणी अर्धा तास उशिरा.
अटकबिटक कुणाला होत नाही.
फक्त शेजारीण रिकामी बादली घेऊन दारात उभी राहते
आणि बघत राहते.

देवाजी नंदनवार आले तेव्हा बारा वाजले होते.
डोक्याला ओला दुपट्टा.
अर्जावर सही एकच, तीही थरथरलेली.
पीडेच्या रकान्यात: रात्री माग वाजतो.
कुठला माग, मी विचारलं,
तांडापेठेतले माग भंगारात जाऊन वीस वर्षं झाली.
"नाई राह्यला, थोच वाजते," ते म्हणाले.
"मले एकट्यालेच ऐकू येते, बाई.
आता मारबतच नेईन तं नेईन."
मी म्हणाले, आणखी चारशे नव्व्याण्णव जणांना
ऐकू यायला पाहिजे.
त्यांनी दुपट्ट्याचं टोक पिळलं.
फरशीवर पाणी पडलं, दोन थेंब.
"त्यायले ऐकू आला,
तं मंग तो माहा कसा?"

मी शिक्का मारला. स्वभाव.
जांभळी शाई बोटाला लागली
आणि डब्यातल्या पोळीला.

मारबतीच्या दिवशी इतवारीत पाय ठेवायला जागा नव्हती.
पिवळी आली, डुलत, छज्ज्यांना कान घासत.
मागून काळी.
संदलच्या ढोलांनी छातीतलं हाडन् हाड वाजत होतं
आणि सगळे एकदम:
घेऊन जा गे मारबत!
ऊन घेऊन जा. कांदा घेऊन जा.
खांबांवरचे दिवे हिरवे झाले.

मीही ओरडत होते. ओरडावंच लागतं, माझी खिडकी आहे.
डासांची पाळी आली,
आणि डास म्हणायला उघडलेल्या तोंडातून
भलतंच निघालं.
काय ते इथं लिहीत नाही.
नऊ वर्षांचं आहे, आणि त्याला पाचशे सह्या नाहीत.
काही झालं नाही.
दिवा हिरवाच राहिला.
कान आवाज मोजतात,
अक्षरं मोजायला अजून कुणी शिकवलेलं नाही त्यांना.

मग मी बाजूला पाहिलं.
डास म्हणताना ओठ मिटत नाहीत.
शेजारच्या बाईचे मिटले.
पुन्हा मिटले.
तिच्या पलीकडच्या पोराचे तर गोल झाले होते.
मला हसू आलं, आणि घाम,
आणि वाटलं, बस, सुटलो आपण,
एवढ्या गोंगाटात कोण पकडणार.

तेवढ्यात देवाजी दिसले.
खांबाच्या अगदी खाली,
जिथं पुटपुटलेलंही ऐकू जातं, तिथं.
तोंड बंद.
गर्दी अंगावरून जात होती,
आणि त्यांचा उजवा पाय जागच्या जागी
खाली, वर, खाली,
मागाची पावडी दाबतात तसा.
नेत असेल मारबत तर त्यांना द्यायचं नव्हतं आता.

दुसऱ्या दिवशी तांडापेठेत
पाणी अर्धा तास उशिरा आलं.
एका माणसाचा आवाज कमी भरला म्हणे.
दारोदार बादल्या घेऊन बाया उभ्या होत्या,
एका दाराकडे बघत.

माझ्याकडे वेळेवर आलं.
मी बादली लावली,
नळ पूर्ण सोडला,
आणि जांभळं बोट घासत बसले.