उलटी प्रदक्षिणा

स्वयंपाकघरातल्या टेबलावर पोळपाट उपडा घातलाय.
हा फ्रान्समधला पहिला गोल चौक,
बंदरातून बाहेर पडलं की लगेच.
मिरपुडीचं यंत्र म्हणजे ट्रक.
मिठाची डबी म्हणजे मी.

न्यूहेवनमध्ये अकरा वर्षं
चौकाला उजवा हात देऊन वळतेय,
देवळातल्यासारखी, गाभारा उजवीकडे.
चार तासांच्या पाण्यापलीकडे
गाभारा डावीकडे जातो.
उलटी प्रदक्षिणा घालायची,
तीही दोन चाकांवर,
तीही बावन्नाव्या वर्षी.
डबी तिसऱ्यांदा ट्रकखाली गेली.
मीठ सांडलं. पुसून घेतलं.

गाडी सीफर्डच्या एका प्लंबरकडून घेतली.
'एकदाच पडलीय,' डॅरन म्हणाला,
स्थळ सांगताना वधूचा मामा म्हणतो तसं.
मी म्हटलं, मी दोनदा.
परीक्षेतही, यू-टर्नला पाय टेकला म्हणून नापास.
पुढच्या वेळी श्वास रोखून वळले
आणि पास झाल्याचं सांगेपर्यंत
सोडायचा विसरले.

कामावरच्या लेस्लीला परदेश म्हणजे बोटीचं तिकीट.
'गुरुवारी ठरव, शुक्रवारी नीघ.'
त्याचाही पासपोर्ट आता निळा, माझाही निळा,
पण त्या निळ्यात आणि या निळ्यात
एक लंडनची खेप आहे, एक रांग,
बँकेची तीन महिन्यांची पानं,
प्रत्येक रात्रीच्या उशीचा पत्ता.
बोटं काचेवर ठेवली तर यंत्र म्हणालं, पुन्हा.
पुन्हा. पुन्हा.
हॉस्पिटलातली कात्र्या-चिमटे
धुऊन धुऊन रेषा पुसट झाल्यात, मी सांगितलं.
खिडकीतल्या मुलीने माझे हात
पहिल्यांदाच कुणी पाहावेत तसे पाहिले
आणि ओला रुमाल दिला.
अर्जात प्रवासाचा हेतू विचारला होता.
पर्यटन, व्यवसाय, शिक्षण, उपचार.
मी पर्यटनावर खूण केली.
बराच वेळ उपचारावर पेन होतं.

कुरुंदवाडहून आत्याचा फोन:
'सीमोल्लंघन दसऱ्याला करतात गं, मे महिन्यात नाही.
आणि कुठवर जाणार?'
साठ मैल, म्हटलं. एका खेड्यात. पाव खायला.
पलीकडे थोडं हसू, मग गंभीर आवाज:
'पेट्रोल पुरेल ना?'
हा प्रश्न लेस्लीला सुचला नव्हता.
वहीत लिहून ठेवला.

हेडलाइटच्या काचेवर काळी पट्टी लावायची असते,
समोरच्याचे डोळे दिपू नयेत म्हणून.
दुकानदार कोन समजावत होता.
मला कळलं होतं. तीट.
फक्त इथे नजर आपली
आणि जपायचं दुसऱ्याला.

संध्याकाळी बंदरावर जाते, नुसती बघायला.
बोटीचा लोखंडी उतार, ओला,
त्यावर समुद्राचं पाणी आणि डिझेलचं इंद्रधनुष्य.
पिवळ्या जाकिटातला क्लाइव्ह
मोटारसायकली आधी सोडतो.
'आज?' तो विचारतो.
नाही.
सहा वेळा झालं.
सातव्यांदा त्याने विचारलं नाही,
पायाने दाखवलं, इथे, या शिवणीवर ब्रेक नको.
एवढंच. आणि पुढच्या गाडीकडे वळला.

काल पासपोर्ट परत आला.
मी तीन दिवस मागितले होते,
त्यांनी आठ दिलेत.
कुणी चुकलं असेल. कुणी चुकलं नसेलही.
नकाशाची एक घडी मी उघडलीच नव्हती,
ती उघडली. तिकडे आणखी रस्ते, आणखी गोल चौक.
घरात पोळपाट एकच.
मग ताट मांडलं, दुसरं ताट, डब्याचं झाकण,
टेबल संपलं तेव्हा जमिनीवर,
फ्रिजला वळसा घालून दारापर्यंत.
रात्री दीडला गुडघ्यांवर रांगत
मिठाची डबी डावीकडून, डावीकडून,
प्रत्येक चौक ओलांडून
एका चहाच्या बशीशी आणली. हे ते खेडं.
तिथे तिला उभी केली.
भूक लागली होती.
शिळी भाकरी होती, तीच खाल्ली,
मीठ लावून.