धक्क्यावरचा काटा

दवाखान्यातला काटा दीडशेवर संपतो.
लिसिआते मामानं पाय ठेवला की सुई
टोकाला जाऊन बसते,
थरथरतसुद्धा नाही.
"मशीन लहान आहे," मामा म्हणतो,
तेही माझं मन राखायला.

मग आम्ही वावाउच्या धक्क्यावर जातो.
तिथे मालाचा काटा आहे, लोखंडी पाटाचा,
गुरुवारच्या जहाजातून उतरणाऱ्या खोक्यांसाठी.
हमाल बाजूला होतात. मामा गावचा मानकरी.
त्याच्या आधी पाटावर मेंढीच्या पोटाकडचं मांस होतं,
चरबीच जास्त,
जिथली मेंढी तिथं फारसं कुणी ताटात घेत नाही असं.
पाट अजून ओला आहे.
मामा चपला काढून बाजूला ठेवतो,
जणू सगळं वजन त्यांचंच होतं.

एकशे अठ्ठ्याऐंशी.
मी वहीत लिहिते.
हमाल एकमेकांकडे कौतुकानं बघतात.

ही खोकी भरणारे हात
माझ्या भावाचे असतील कदाचित.
हालोती सात वर्षं न्यूझीलंडात थंड खोलीत उभा आहे,
दोन हातमोजे, त्यांखाली आणखी दोन.
तो पगार पाठवतो, आई त्यातून खोकं घेते
आणि फोनवर सांगते, आज तुझंच खाल्लं रे.

मागच्या महिन्यात बाहेरून एक डॉक्टर आले,
सडपातळ, सौम्य, पहाटे धावणारे.
पडद्यावर त्यांनी देशांचे खांब दाखवले.
काही ठेंगणे, काही मध्यम,
आणि आमचा, माडासारखा, छताला टेकलेला.
"असं का होत असेल?" त्यांनी विचारलं.
खरंच विचारलं, उत्तर हवं असल्यासारखं.
खोलीत पंखा तेवढा बोलला.

मला म्हणायचं होतं,
रात्री खडकांच्या पलीकडे दिवे दिसतात
ते मासेमारीचे आहेत, पण आमचे नाहीत.
म्हणायचं होतं, तुमच्या पोस्टरवरच्या बाईच्या हातातलं सफरचंद
इथं मांसाच्या अर्ध्या डब्याला पडतं.
आणि आजोबांचा कोनफळांचा मळा आहे तिथेच आहे,
तो खणणारे चौघे भाऊ तेवढे
थंड खोलीत उभे आहेत.
आमच्या भाषेत देहाला जो शब्द
तोच अंगानं भरण्याला.
वादळाच्या वर्षी ज्याच्या अंगावर काही होतं
तोच पुढच्या वर्षी होता.
आणि पाहुण्याच्या पानावर
एक कोपरा जरी रिकामा दिसला
तरी ते नातवंडांपर्यंत ऐकावं लागतं.

यातलं काहीच खांबात बसेना.
मी म्हटलं, "जेवून जा."
ते जेवले. दोनदा वाढून घेतलं.
तिसऱ्यांदा नको म्हणाले, तेव्हा आईनं
मला आत नेऊन विचारलं,
काय चुकलं गं आपलं?

आता मामाची कंबर मोजायची राहिली.
तिथे ताओवाला आहे, विणलेली चटई,
त्याच्या बापाकडून आलेली.
कंबर ही आमच्यात आदर गुंडाळायची जागा.
राजासमोर, मयतासमोर,
मोकळ्या कमरेनं कुणी जात नाही.
मामा दोरी सोडतो.
जुन्या, मधासारख्या पिवळ्या विणीच्या टोकाला
एक फिकट पट्टा, मामीनं वाढवलेला.
त्याला जोडून दुसरा, अजून हिरवट.

मी टेप लावते. टेप पुरत नाही.
मग ती खिशात टाकते
आणि चटईच पाटावर पसरते,
बापाची वीण संपते तिथे बोट ठेवते.

"एवढाच होता तो?"
"एवढेच होते."

मामा त्या सांध्याकडे पाहत राहतो.
"आणि मानकरी होताच की," म्हणतो,
मला नाही, चटईला.

मागून हमाल विचारतो,
काटा मोकळा झाला का.