एकतीस आणि एक

सम तारखेला डावीकडे, विषमला उजवीकडे.
बर्फ पडायला लागला की हा नियम;
चुकलात तर पस्तीस डॉलर.

रात्री साडेनऊला व्हर्ना लिंडक्विस्ट
गाउनवर कोट चढवून खाली येते,
काच खरवडते,
नवऱ्याची ब्यूक रस्त्यापलीकडे लावते.
तो गेल्यापासून गाडी एवढीच चालते.

समोर कॉलेजची पोरं, सहाजण, परमिटं दोन.
वायपरखालची पाकिटं भिजून
लगदा होईतो कुणी उचलत नाही.

काल एकतीस, आज एक.
दोन्ही विषम.
तरी ती आली. इंजिन चालू केलं,
आणि वळसा घालून
पलीकडच्या, आपल्या सीटवर जाऊन बसली.

दंडवाल्या ड्वेनने काचेवर टकटक केलं:
"आज हलवायची नाहीये, बाई."

"ठाऊक आहे," ती म्हणाली.
"हीटर तापू दे."