दर दीड तासाने

सकाळी साडेसात. मी कपाटाचं कुलूप काढते.
पांढरी वाईन, तळघरात यांनीच आंबवलेली,
मोजपात्रात ओतते, रेघेपर्यंत.
रेघेच्या वर नाही, खाली तर मुळीच नाही.
मापात पाप इथे खपत नाही:
हात थरथरत असले तरी
सातही जणांची नजर शाबूत आहे.

बाहेर उणे एकतीस. सुपीरियर सरोवर
काठाकडून आत आत गोठत चाललंय.
रांगेत पुढे डेल्फीन, झोपतानाही टोपी न काढणारी.
मग नॉर्वल, ज्याच्या खोकल्यात अजून
बंदरावरच्या गव्हाच्या कोठारांची धूळ आहे.
शेवटी तोइवो, जंगलतोडीवरचा,
डाव्या पायाची तीन बोटं
एका जानेवारीला देऊन आलेला.

इथे येण्याआधी तोइवो माउथवॉश प्यायचा.
इस्पितळाच्या भिंतीवरचं सॅनिटायझर
डब्यासकट उचकटून न्यायचा.
रुग्णवाहिकेच्या पोरांना त्याची जन्मतारीख पाठ होती.
आता फक्त दीड तास.
दीड तास त्याला कळतो. निभावता येतो.
जन्मभर ओंडके उचलले त्यानं,
'कायमचं' हा एक शब्द तेवढा उचलला नाही.

चर्चमधल्या मिसेस हॅलिडे विचारतात,
दारुड्याला दारू पाजायची, हा कुठला गं इलाज?
मी त्यांना चहा देते.
क्लिफर्डचं सांगत नाही.

माझा भाऊ. तिथला नियम होता: आधी सोड, मग खाट.
त्यानं सोडली. नऊ वेळा सोडली.
दहाव्यांदा दार वाजवलं
तेव्हा तोंडाला वास येत होता.
बर्फ सारणाऱ्या गाडीवाल्याला पहाटे
आधी त्याचा बूट दिसला.

काल साडेचारच्या पेल्याला तोइवो आला नाही.
मी खोली पाहिली. न्हाणीघर पाहिलं.
कोट न घालताच फाटकापर्यंत जाऊन आले.
तो मागच्या पडवीत होता,
नॉर्वलच्या खुर्चीचा पाय कानशीने घासत,
ओठांत दोन खिळे, गुडघ्यांवर भुसा.
"किती वाजले?"
"पावणेपाच."
"थांब. एवढा बसू दे."

वहीत मी लिहिलं: साडेचार, घेतला नाही.
पेन तिथेच धरून बसले जरा वेळ.
डॉक्टरांना सांगावं असं काही नव्हतं त्यात.

सहाला तो आला. बोटं नाचत होती.
पेला दोन्ही हातांनी धरला, संपवला,
पुसून परत दिला.
खुर्चीबद्दल बोलला नाही.
मी साडेचारचा मोरीत ओतला,
रेघेइतकाच होता,
तरी बराच वेळ पडत राहिला.

आणि तिकडे नॉर्वल खुर्चीवर बसतो,
उठतो,
पुन्हा बसून बघतो.